कोऱ्या कागदाला धुरी

देवपूर, धुळे
रविवार, ३ मार्च १९१८

ती. अभिमनभाऊंना मंजुळाचा नमस्कार.

सहा वर्षांनी माझं अक्षर दिसतंय. पत्र फाडायचं असेल तर फाडा, पण आधी एवढं वाचा की हे माझ्यासाठी लिहिलेलं नाही, पोरांसाठी आहे.

आपल्या गावात प्लेगचे उंदीर पडले आणि सगळं गाव घरांना कुलपं लावून शेतांत राहायला गेलं, हे पारोळ्याहून आलेल्या एका बाईकडून कळलं. शाळा बंद, मास्तर आपल्या गावी निघून गेले. इथेही तेच आहे. आमच्या मुलींच्या शाळेला कुलूप लागलंय आणि मी देवपुराबाहेर, पांझरेच्या काठाला तुराट्यांच्या झोपडीत राहते. माझी प्रकृती चांगली आहे. तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहिते.

गेंदा आता चौथीत आणि उखर्डू तिसरीत असेल ना? मी निघाले तेव्हा गेंदा पाच वर्षांची होती. माझा पदर धरून घरभर हिंडायची. उखर्डू रांगून नुकता उभा राहिला होता आणि उभं राहून काय करायचं हे त्याला कळत नव्हतं.

दोन महिने शाळा नसली की पोरं पाढे विसरतात. हे बहीण म्हणून नाही, शाळेतली बाई म्हणून सांगते. म्हणून उद्यापासून रोज एक धडा टपालाने पाठवणार आहे. सात दिवस, सात धडे. पुस्तकं घरात कोंडलेली असतील, ती नकोत. एक वही मात्र हवी. ती या पत्राबरोबर पाठवली आहे. बाकी शेतात जे आहे त्यावरच अभ्यास होईल.

तुमची परवानगी मागायची तर पत्र जायला दोन दिवस, उत्तर यायला दोन दिवस. तोवर निम्मा आठवडा सरेल. म्हणून न विचारता सुरू करते. नको असतील तर धडे चुलीत घाला.

मी दुसरं काही मागत नाही. मंदावहिनींना नमस्कार.

मंजुळा


सोमवार, ४ मार्च

चि. गेंदा आणि चि. उखर्डू,

मी तुमची आत्या. पुस्तकात आत्या, आपल्या घरात फुई. उखर्डू, तू मला ओळखत नाहीस, पण मी तुला ओळखते. माझं एक चांगलं लुगडं तू कायमचं खराब केलं आहेस. कसं ते मायला विचार.

आता शाळा. घंटा नाही, तेव्हा मायने भाकरीचा तवा उतरवला की शाळा भरली असं समजा.

पहिला धडा नकाशाचा. झोपडीच्या दारात उभं राहायचं, सूर्य उगवतो तिकडे तोंड करायचं आणि शेत काढायचं. विहीर कुठे, बांध कुठे, बैल कुठे बांधतात, दादर ज्वारी कुठे उभी आहे, कपाशी कुठे. झोपडीपासून विहिरीपर्यंत पावलं मोजायची. दोघांनी वेगवेगळी मोजा. आकडे जुळणार नाहीत. त्यावरून भांडू नका. कोणाच्या पावलांनी मोजलं ते आकड्यापुढे लिहा. सरकारी मोजणीदारही साखळी वापरतो ती याच भांडणाच्या भीतीने.

दुसरा नकाशा गावातल्या घराचा. तिथे जायचं नाही. डोळे मिटून आठवायचं आणि काढायचं. जे आठवणार नाही तिथे रिकामी जागा सोडा, खोटं काढू नका.

नकाशे टपालाने लगेच पाठवा. बाकीचे धडे वहीतच राहू द्या. गेंदा, वही तुझ्याकडे. अक्षर सुटं काढ, शाई सांडू नकोस.

तुमची फुई


मंगळवार, ५ मार्च

चि. गेंदा, चि. उखर्डू,

दुसरा धडा अंदाजाचा. दादरीचं एक भरलं कणीस घ्या. आधी नुसतं बघून सांगा, किती दाणे असतील? दोघांचे अंदाज लिहून ठेवा, मग मोजा. दहा-दहाचे ढीग करा, दहा ढिगांचा एक मोठा ढीग. मोजताना कोंबड्यांना लांब ठेवा. मागे आमच्या वर्गात एका मुलीचा सगळा हिशोब कोंबडीने खाल्ला होता.

मोजून झालं की गेंदाने पुढचं गणित करायचं. एका ताटाला एक कणीस, एका ओळीत इतकी ताटं, तर एका ओळीत दाणे किती? आकडा मोठा येईल, घाबरायचं नाही.

सोबत एक कोरा कागद आहे. तो फेकू नका आणि त्यावर काही लिहू नका. तो कशाला, ते चौथ्या धड्यात कळेल. तोवर गेंदाने वहीत घालून ठेवावा.

फुई

(सोबतच्या कोऱ्या कागदावर, लिंबाच्या रसाने)

मंदावहिनी, हे गेंदा तुम्हाला वाचून दाखवील.

आमच्या मोठ्या बाई जूनपासून बाहेरगावच्या चार मुली स्वतःच्या घरी ठेवून घेणार आहेत, पाचवी ते सातवीपर्यंत. मुलगी घ्यायच्या आधी तिने एकटीने केलेला एका आठवड्याचा अभ्यास त्यांना बघायचा आहे. वही महिनाअखेरच्या आत मिळायला हवी. हे सात धडे त्यासाठी आहेत. आपल्या गावात मुलींना चौथीपुढे शाळा नाही. गेंदाचं शिक्षण इथे थांबलं तर थांबलंच.

वही पुरी झाली की कापसाच्या गाड्या घेऊन धुळ्याला येणाऱ्या झुलालच्या हाती द्या. भाऊंना एवढ्यात बोलू नका. मोठ्या बाईंनी गेंदाला घेतलं, म्हणजे मग सांगू. आधी सांगितलं तर ते नाही म्हणतील, आणि त्यांच्या तोंडून एकदा नाही निघालं की त्यांनाही ते मागे घेता येत नाही.

त्या दिवशी तुम्ही मला शिदोरी बांधून दिलीत आणि सहा वर्षं त्याबद्दल कोणाजवळ बोलला नाहीत. तेवढंच अजून एकदा करा. वाचून झालं की कागद चुलीत घाला.


बुधवार, ६ मार्च

चि. गेंदा, चि. उखर्डू,

तिसरा धडा सावलीचा. हातभर लांबीची सरळ काठी उघड्यावर रोवा. सकाळी, दुपारी आणि दिवस कलल्यावर तिची सावली मोजा. सर्वांत आखूड सावली ज्या वेळी पडते ती खरी दुपार. घड्याळ लागत नाही.

गेंदासाठी अवघड भाग. ज्या वेळी काठीची सावली मोजाल, त्याच वेळी बांधावरच्या बाभळीची सावलीही मोजा. काठी किती उंच ते माहीत आहे. मग बाभूळ किती उंच ते त्रैराशिकाने काढ. झाडावर चढून ताडून बघायला उखर्डूला पाठवू नकोस. तो जाईल, म्हणून सांगते.

तुमच्या आप्पांना लहानपणी बांधावरच्या प्रत्येक झाडाची उंची ठाऊक होती. कशी, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. आता वाटतं, प्रत्येकावरून एकेकदा पडून.

फुई


गुरुवार, ७ मार्च

चि. गेंदा,

चौथा धडा जादूचा, आणि तो मायजवळ बसून करायचा. दुपारी आप्पा शेतात असताना कर, म्हणजे चूल मोकळी असते.

लिंबाच्या रसात काडी बुडवून कागदावर लिहिलं आणि वाळू दिलं तर काही दिसत नाही. तोच कागद ऊन तव्यावर धरला की रस आधी करपतो, कागद मागून. म्हणून अक्षरं तपकिरी होऊन वर येतात. मी पाठवलेला कोरा कागद काढ आणि करून बघ. जे दिसेल ते मायला वाचून दाखव, मोठ्याने नको.

मग दोघांनी एकमेकांना अशी एकेक ओळ लिहा. उखर्डू काय लिहील याचा मला अंदाज आहे. ते वहीत उतरवू नकोस.

फुई


शुक्रवार, ८ मार्च

चि. गेंदा, चि. उखर्डू,

तुमचे नकाशे आज पोचले. मी ते झोपडीच्या कुडाला टाचून ठेवले आहेत. शेजारच्या झोपडीतल्या बाई येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, हा बैल आहे की रेडा? उखर्डू, मी बैल असल्याचं ठासून सांगितलं.

झोपडीपासून विहीर गेंदाच्या पावलांनी एकशे बारा, उखर्डूच्या एकशे अठ्ठेचाळीस, आणि खाली तिसरा आकडा, 'आप्पांच्या ८१.' म्हणजे आप्पाही मोजायला आले होते. हे मी सांगितलं नव्हतं. चांगलं झालं.

कागदाला कडुनिंबाच्या धुराचा वास येतो. चुलीत निंबाची काटकं घालत असाल. मायला सांग, डोळे चुरचुरतात त्याने.

गेंदा, गावातल्या घराचा नकाशा मी पुष्कळ वेळ बघत बसले. जातं, रांजण, माळ्याची शिडी, सगळं जागच्या जागी. अंगणातल्या निंबाला तू दोन झोके काढलेस. एकावर लिहिलंस 'माझा' आणि दुसऱ्यावर 'फुईचा. रिकामा असतो.' खाली बारीक अक्षरात, 'अखाजीला आप्पा दोन बांधतात.'

अखाजीला, पुस्तकातल्या अक्षय्य तृतीयेला, सगळ्या गावाच्या लेकीबाळी माहेरी येतात आणि मला न्यायला कोणी येत नाही, एवढंच मला ठाऊक होतं. झोक्याचं ठाऊक नव्हतं.

पाचवा धडा अपूर्णांकांचा. माय कळण्याची भाकरी करते, त्यात ज्वारी किती आणि उडीद किती, ते तिला विचारा. ती 'अंदाजाने' म्हणेल. तिचा अंदाज मापून घ्या आणि अपूर्णांकात लिहा. मग त्याच प्रमाणात सात माणसांचं पीठ किती लागेल ते काढा. तुमच्या मायच्या हातच्या कळण्याच्या भाकरीवर मी एकदा दोन दिवस काढले आहेत. तशी भाकरी मला अजून जमत नाही.

फुई


(उखर्डूचं पत्र. शनिवारी, ९ मार्चला पोचलं.)

गुरुवार

फुईला उखर्डूचा नमस्कार. ताई म्हणते की पत्र पुस्तकातल्या भाषेत लिही, म्हणून तसं लिहितो.

कणसात तेराशे सत्तावीस दाणे निघाले. ताईचा अंदाज पाचशे होता. माझा एक लाख होता. ताई म्हणे, लाख म्हणजे किती ते तुला ठाऊक तरी आहे का? मी म्हटलं, पुष्कळ.

तुझं पत्र आलं की आम्हाला लगेच हात लावू देत नाहीत. गावाकडून काहीही आलं की आप्पा विस्तवावर निंबाचा पाला टाकतात आणि त्या वस्तूला धुरी देतात. म्हणजे रोग जातो. पत्राला चिमट्यात धरून देतात. मला पण एकदा दिली, मी चेंडू आणायला घराकडे गेलो होतो म्हणून. चिमट्यात नाही धरलं, कानाला धरलं.

आज तुझ्या पत्रातून एक कोरा कागद निघाला. आप्पा म्हणे, "कोरा कागद कोन धाडस? याले जास्त धुरी देवा पडी." मग त्यांनी तो निखाऱ्यांवर खूप वेळ धरला. आणि फुई, काय सांगू, त्याच्यावर अक्षरं आली! तपकिरी! मी ओरडलो. आप्पांनी तो उभ्यानेच वाचला. मग खाली बसून परत वाचला. ते बोट ठेवून वाचतात, म्हणून वेळ लागतो.

मायने विचारलं, "काय लिखेल शे त्यामा?"

आप्पा म्हणे, "तुनं नाव शे."

मग आप्पा जेवले नाहीत. बैल घेऊन विहिरीकडे गेले. माय चुलीपुढे बसून आहे. ताईने वही मिटून ठेवली आणि मला म्हणे, तू ओरडला नसतास तर बरं झालं असतं. पण माझा काय दोष?

ती जादू कशी करतात ते मला शिकव. बाकी सगळे खुशाल आहेत.

उखर्डू अभिमन, इयत्ता तिसरी


शनिवार, ९ मार्च

ती. भाऊ,

उखर्डूचं पत्र आताच वाचलं. हातातलं सगळं टाकून लिहायला बसले आहे.

मंदावहिनींना बोलू नका. त्यांना त्या कागदात काय आहे हेही ठाऊक नव्हतं. लिंबू माझं, काडी माझी, अक्कल माझी. तुम्ही पत्रांना धुरी देत असाल हे माझ्या ध्यानातच आलं नाही. गेंदाच्या कागदाचा वास घेऊनही आलं नाही. इथे मी शहाणी बाई म्हणून पोरींना शिकवते.

सहा वर्षांपूर्वीचं आता लिहूनच टाकते, शाईने.

माझा नवरा गेला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. दुसऱ्या एखाद्या भावाने बहिणीला चुलीपाशी आणि गोठ्यात राबवून घेतलं असतं. तुम्ही वर्षाच्या आत माझा पाट लावायचं ठरवलंत. अमळनेरकडचा माणूस शोधलात. चांगला होता. मी त्याला दारामागून पाहिलं होतं, त्याच्यात खोट काढायला काही नव्हतं. तुम्ही शब्द दिलात, दिवस ठरला. आणि त्याच आठवड्यात मोठ्या बाई पारोळ्याला आल्या. लिहिता-वाचता येणारी बाई शोधत होत्या, धुळ्याला नेऊन मास्तरीण करायला. कापूस विकायला तुमच्याबरोबर पारोळ्याला आले होते, तेव्हा मला त्या भेटल्या. पाटाच्या तीन दिवस आधी तुम्ही बाजाराला गेलात आणि मी टांग्यात बसले.

तुम्ही रागावाल म्हणून मी सांगितलं नाही, असं तुम्हाला वाटत असेल. तसं नव्हतं. तुमचा राग मी लहानपणापासून सोसलेला आहे, तो संध्याकाळपर्यंत टिकत नाही. तुम्ही नुसतं 'नको जाऊ' म्हटलं असतंत तर मी थांबले असते, म्हणून सांगितलं नाही.

तुम्हाला पाहुण्यांपुढे पागोटं उतरवून ठेवावं लागलं, हे मला नंतर कळलं. त्यानंतर पत्र लिहायला हात उचलला नाही. एक वर्ष गेलं की दुसरं जातंच.

मला अक्षर कोणी शिकवलं, हे इथे सगळ्या विचारतात. मी सांगते, भावाने. वडील गेले म्हणून तुम्हाला तिसरीतून शाळा सोडावी लागली. मग तुम्ही आपल्या खळ्यात, मळणी झाल्यावर धुळीत बोटाने 'अ' काढून मला म्हणालात, गिरव. मी गिरवलं आणि बैलाने त्यावर पाय दिला. तुम्ही बैलाला शिवी दिलीत आणि परत काढलंत.

गेंदाची वही नाही आली तरी चालेल. तो बेत सोडून दिला. वहिनींना काही बोलू नका, एवढंच.

मंजुळा

ता. क. पोरांसाठी सहावा धडा: आज मायने सांगण्याआधी तिचं एक काम करा. काय केलं ते लिहू नका.


रविवार, १० मार्च

चि. गेंदा, चि. उखर्डू,

सातवा धडा. शेवटचा.

घरातल्या मोठ्या माणसाजवळ जाऊन बसायचं आणि म्हणायचं, पुस्तकात नाही असं एक काहीतरी सांगा. ते जे सांगतील ते शब्दाला शब्द उतरवून घ्यायचं. आपल्या घरात जसं बोलतात तसंच. पुस्तकासारखं करायचं नाही, सुधारायचं नाही, मधलं गाळायचं नाही.

कोणाला विचारायचं ते मी सांगत नाही. आणि ज्याला विचाराल तो काहीच बोलला नाही, तर वहीत लिहा, 'काही बोलले नाहीत.' तेही उत्तर आहे. मी त्याचेही मार्क देईन.

उखर्डू, जादू लिंबाची होती. तुझा दोष नाही. तू ओरडला नसतास तरी अक्षरं आलीच असती.

फुई


(गेंदाच्या वहीतली शेवटची पानं. वही झुलालने गुरुवारी, १४ मार्चला आणून दिली.)

धडा सातवा. मंगळवार, माघ वद्य अमावास्या.
कोणाला विचारलं : आप्पांना.

आज अवस, म्हणून बैल जुंपले नाहीत. आप्पा झोपडीच्या सावलीत दोर वळत बसले होते. गुरुवारपासून ते मायशी बोललेले नाहीत. माझ्याशी बोलतात, पण पाणी दे, दोर धर, एवढंच. फुईचं शाईचं पत्र काल आलं. त्यांनी त्याला धुरी दिली आणि बंडीच्या खिशात ठेवलं. मला वाचायला दिलं नाही, सहावा धडा तेवढा सांगितला.

मी म्हटलं, "आप्पा, पुस्तकात नाही असं एक काहीतरी सांगा. फुईने लिहून घ्यायला सांगितलं आहे."

आप्पा म्हणे, "तुनी फुईले लिख, तिना मास्तर आजून जिता शे."

मी म्हटलं, "असं नाही. नीट सांगा. मला याचे मार्क आहेत."

"मार्क मले का तुले?"

मी म्हटलं, "दोघांना."

मग आप्पांनी दोर खाली ठेवला. त्यांनी सांगितलं ते मी शब्दाला शब्द लिहिलं आहे.

"लिख. खळामा मनी एक शाळा व्हती. शाळामा पोर एकच, मंजुळा. ती पोर एक दिन मास्तरले न इचारता निंघी गयी.

"त्या दिन पारोळाना बजारमा मी कपाशीनी गाडीजोडे उभा व्हतू. टांगा उना. ती तोंड झाकीसन बठेल व्हती. तोंड झाकं ते काय व्हयनं, बहीनना पाय वळखू येत नही का? घोडाना लगाम मना हातभर लांब व्हता. धरतू ते टांगा थांबता, नि ती उतरती भी. नही धरा.

"शिदोरी कोनी बांधी ते भी मले त्याच दिन समजनं. डबामा दोन दिननं पीठ व्हतं, घर यी देखं ते बठ्ठं सरेल. मंदानी सांगं नही, मी इचारं नही. सहा वरीस आम्ही दोन्ही गपचूप.

"ती गयी म्हनीसन मले राग नही उना. पाहुनासपुढे पागोटं ठेवं, त्याना भी नही. वहिनीले सांगं नि भाऊले नही सांगं, त्याना उना. आते परत तेच. कोरा कागद धाडस! मले इचारती ते मी नही म्हनतू का? म्हनतू भी. एक दिन म्हनतू, दोन दिन म्हनतू. मंग मीच टांगा आनतू."

एवढं बोलून आप्पा थांबले. मी विचारलं, झालं का? ते म्हणे, नाही, अजून लिख.

"वही धाडी ऱ्हायनू. व्हकार नही धाडा. तिले पाहिजे व्हई ते तिनी मागाले पाहिजे. मनाजोडे, काळी शाईमा. हाऊ आठवा धडा, मास्तरना."

माय चुलीपाशी होती. ती म्हणे, "नि तिनी मागं ते तुम्ही काय सांगशात?"

आप्पा म्हणे, "टपालमा नही सांगाव. अखाजीले लेवाले मुराळी कोन येस ते देख म्हना तिले."

माय हसली. मग आप्पांना म्हणे, "जेवाले या. भाकर थंडी व्हयनी."

(माझ्याकडून झालेली चूक: 'दोर' च्या जागी शाई सांडली आहे. उखर्डूने धक्का दिला.)


शुक्रवार, १५ मार्च

चि. गेंदा,

वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तीनदा वाचली. दादरीच्या ओळीचं गणित एका शून्याने चुकलं आहे, बाकी बरोबर. बाभळीची उंची चांगली काढलीस. कळण्यात पायलीला, म्हणजे चार शेर ज्वारीला, शेरभर उडीद, पाचात एक भाग. हे मला सहा वर्षांत साधलं नव्हतं, मी उडीद जास्त घालत होते. सहाव्या धड्याचं पान कोरं आहे, तसंच हवं होतं. तरी कोरा कागद म्हणून एकदा दिव्यावर धरून बघितला.

सातव्या धड्याला दहापैकी दहा, तुला पाच आणि आप्पांना पाच. शाईच्या डागाचे कापले नाहीत.

वही उद्या मोठ्या बाईंना दाखवते. सातव्या धड्यासकट. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की घरातलं आहे, काढून ठेवलंस तरी चालेल. मी म्हटलं, नको.

पुढचं पान आप्पांना दे.

फुई


ती. भाऊ,

आठवा धडा.

गेंदाला जूनपासून पुढे शिकायला धुळ्याला पाठवाल का?

हे काळ्या शाईने, भर दुपारी, झोपडीच्या दारात बसून लिहिलं आहे. कागदाला नेहमीप्रमाणे धुरी द्या. हवा तेवढा वेळ निखाऱ्यावर धरा. यात दुसरं काही लिहिलेलं नाही.

मंजुळा